म्हसोबानं खोळ सोडली तेव्हा

वन्संचा फोन आला तेव्हा मी नववीचे भूगोलाचे पेपर तपासत बसले होते. ‘दख्खनचे पठार कशाने बनले?’ या प्रश्नाला एका दिवट्याने ‘सिमेंटने’ असं उत्तर दिलं होतं, त्यामुळे मूड आधीच गेला होता. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पाटस आणि कुरकुंभच्या मध्ये, हायवेपासून थोडं आत, त्यांची ऊसशेती आहे.

“रविवारी या जेवायला. म्हसोबाचं देऊळ बांधून झालंय. संगमरवरी मूर्ती बसतीया.”

“आणि जुना म्हसोबा?”

“त्यो शेंदराचा गोळाच की गं आता. वाजतगाजत भीमेत सोडायचं ठरलंय.”

दिवाळीत मी त्याच म्हसोबाच्या पाया पडायला वाकले होते. खालच्या अंगाला शेंदराचा एक टवका उडाला होता. आत आपला नेहमीचा काळा कातळ दिसायला हवा होता. त्याऐवजी पिवळट, गुळगुळीत असं काहीतरी दिसलं आणि त्यावर ओळीने उभ्या रेघा. पुढे महिन्याभराने पुण्यातल्या एका संग्रहालयात काचेच्या पेटीत एक वस्तू बघितली आणि जागच्या जागी उभी राहिले. तशाच रेघा, तोच रंग. खाली चिठ्ठी होती: हत्तीची दाढ, जीवाश्म. घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “तुला बटाटेवड्यातसुद्धा लाव्हा दिसतो.”

आता तो दगड नदीच्या डोहात गेला की विषय संपला. शनिवारी उजाडताच आम्ही मारुती आठशे काढली.

पण थेट पाटसला नाही. मला आधी शिरूर गाठायचं होतं. हा म्हसोबा ज्यांच्या बांधावर आहे ते बिरू आबा धनगर, आणि त्यांच्या वडिलांनी मेंढरं चारायला गेल्यावर तो दगड घोडनदीच्या काठावरून आणला, एवढं वन्संकडून ऐकलेलं होतं. दगडाचं माहेर बघितल्याशिवाय सासरी जाऊन भांडायचं कसं?

नगर रस्त्याने जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, रांजणगावच्या पुढे-मागे कंपन्यांच्या बसगाड्या वाट अडवतात. शिरूरच्या स्टँडजवळ मिसळ चांगली मिळते. दोघांचं पोट भरून शंभराच्या नोटेतून बरेच सुट्टे परत आले, यावरून ह्यांनी या गावाला पहिला क्रमांक दिला. तिथून नदीकाठाने कच्च्या रस्त्याला लागलो. मार्च होता, पाणी पार तळाला गेलं होतं, आणि नदीने कापलेली उभी दरड दोन पुरुष उंचीची समोर मोकळी झाली होती. दरड बघायची तर हाच काळ. पावसाळ्यात काहीच दिसत नाही आणि पाय घसरतो तो वेगळा.

पायथ्याला काळा कातळ, म्हणजे आपला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वर्गात मी इथेच थांबते. पाठ्यपुस्तकही इथेच थांबतं, जणू लाव्हा थंड झाला आणि लगेच शिवाजीमहाराज जन्मले. पण त्या कातळावर चुन्याने घट्ट धरलेला गोट्यांचा थर होता, त्यावर पिवळी माती, तिच्यात चुनखडीचे खडे, आणि अगदी वर काळी माती अन् त्यात कुणाचा तरी कांदा. लाव्हारसात हाडं टिकत नाहीत, जळून जातात. हाडं सापडली तर मधल्या थरांत, जेव्हा ही नदी वेगळी होती आणि तिच्यावर पाणी प्यायला येणारी जनावरंही वेगळी होती. कधीची गोष्ट? माझ्यासारख्या मास्तरणीने आकडा छातीठोकपणे सांगू नये. पण हजारभर वर्षांत ती मावत नाही, दहा हजारांची माळच लावावी लागते.

गोट्यांच्या थरात मला शिंपले दिसले. दगडात रुतलेले, पांढरे, बोटाच्या पेराएवढे. मी चिखलात गुडघे टेकून फोटो काढत होते. वाळूचा ट्रॅक्टर घेऊन जाणारा एक जण थांबला.

“बाई, सोनं घावलं का?”

“शिंपले सापडले.”

“मग आमचं घर सोन्याचंच हाय की, भितीतल्या वाळूत शिंपलंच शिंपलं हायती,” तो म्हणाला आणि ट्रॅक्टर चालू केला. त्याचं बरोबर होतं. मी मात्र एकही शिंपला उपटला नाही, तुम्हीही उपटू नका. जागेवरून हलवला की त्याचं वय सांगणारा थर सुटतो.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघालो. रस्ता अरुंद, त्यात उसाच्या बैलगाड्या, त्यामुळे घाई करू नये. पारगावला भीमेच्या पुलावर गाडी थांबवली. उद्या हिच्याच पाण्यात तो दगड जाणार होता. मला एकदम राग आला. नदीवर नव्हे, स्वतःवरही नाही, त्या संगमरवरावर. चौफुल्याला रस प्यालो आणि पाटसकडे वळलो. कारखाना चालू होता, उसाची काजळी काचेवर बसत होती आणि मळीचा वास कुरकुंभच्या केमिकलच्या वासात मिसळून असा काही नाकात शिरत होता की ह्यांनी काचा वर करून घेतल्या.

संध्याकाळी देवळापाशी मंडळी जमली होती. नवं देऊळ झकास होतं, टाइल्स बसवलेलं. बाजूला ओट्यावर जुना म्हसोबा, घागरीएवढा शेंदरी गोळा. त्याच्याजवळ बिरू आबा बसलेले. ऐंशीच्या घरातले, पांढरं मुंडासं, आवाज बारीक. मी दिवाळीत काय बघितलं ते सांगितलं.

“माझा बा हेच म्हणायचा,” ते म्हणाले. “घोडनदीच्या दरडीत दात घावला म्हणायचा. गाव हसलं. एवढा दात कुनाचा असतूय? खुळा बिरमू म्हणायचे त्याला, मरस्तवर. मग त्यानं शेंदूर लावला आन् गप बसला. मी बारका व्हतो, उघडा बघितल्याला मला आठवत न्हाई.”

तेव्हा सरपंच आप्पा आले. बैलबाजारात ज्यांचा शब्द चालतो असे, जाडजूड, गोड बोलणारे. त्यांना मी उत्साहाने म्हणाले, “छिन्नीने थोडा शेंदूर काढून बघू या ना.”

वन्संनी मला दंडाला चिमटा काढला.

“देवाला लोखंड लावत न्हाईत, बाई,” आबा म्हणाले. “खोळ त्यानं आपून सोडायची असती.” शेंदराचे थरावर थर बसत जातात, तीच खोळ. ती जड झाली की कधीतरी आपोआप तडकून गळते, देव मोकळा होतो आणि ती खोळ नदीत सोडतात. या म्हसोबाने आबांच्या आयुष्यात एकदाही खोळ सोडली नव्हती.

“पर कोमट त्यालानं न्हाऊ घालता येतंय,” आबा आप्पांकडे बघून म्हणाले. “आमची जुनी मानसं घालायची. जायच्या आधी एकदा घालू द्या.”

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. “घाला की. दुपारी बँड येनार हाय. तवर सुटली तर बघू. न्हाई तर एकदा ठरलं ते ठरलं.”

रविवारी सकाळी वन्संनी करडईचं तेल पितळी पातेल्यात कोमट केलं. आबा ओंजळीने घालत होते, बायका हलक्या हाताने चोळत होत्या. तेल ओघळायचं, गोळा तसाच. ऊन चढलं. मला घाम फुटला होता, आणि तो नुसत्या उन्हाने नव्हे. आत खरंच साधा कातळ निघाला तर? पाण्यानेही रेघा पडतात दगडावर. पुण्याची शहाणी मास्तरीण आली आणि देवाला तेलाचा मसाज करून गेली, हे पाटसच्या बाजारात पुढची दहा वर्षं चाललं असतं. आणि आबांच्या वडिलांना गाव दुसऱ्यांदा हसलं असतं.

बँडवाले आले. ट्रॅक्टर सजवलेला उभा राहिला. क्लॅरनेटवाल्याने सूर लावून बघितला. आप्पांनी घड्याळाकडे पाहिलं.

“आबा, पुरे आता.”

आबांनी ऐकलं नाही. पातेल्यातलं शेवटचं तेल त्यांनी वरून ओतलं आणि दोन्ही तळवे गोळ्यावर ठेवून नुसते बसून राहिले. काहीतरी चरचरलं. वरून खालपर्यंत एक भेग गेली, बोट जाईल एवढी. मग अर्धी खोळ नारळाच्या करवंटीसारखी त्यांच्या मांडीवर आली. दुसरी अर्धी वन्संनी पदरात झेलली.

आत विटेपेक्षा जरा मोठा, पिवळट-तपकिरी, वजनदार तुकडा. त्याच्या माथ्यावर पांढुरक्या कडांच्या आडव्या घड्या, एकामागे एक, ओळीने. मी रडले. सरळ सगळ्यांदेखत रडले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

मी काही समजावून सांगायच्या आधी आप्पा पुढे आले. आयुष्यभर जनावराच्या तोंडात बोट घालून वय सांगितलेला माणूस. त्यांनी अंगठा त्या घड्यांवरून फिरवला, थांबवला, परत फिरवला.

“दाढ हाय,” ते म्हणाले. “झिजल्याली. म्हातारं व्हतं जनावर.” मग माझ्याकडे वळून, “कुनाची, बाई?”

“हत्तीची. आपल्याच नदीकाठी चरणाऱ्या. माणसानं शेती करायच्याही कितीतरी आधी.”

गर्दीत कुजबुज झाली. मेंढरं राखलेली, बैल घेतले-विकलेली माणसं ती. एकेक जण येऊन दाढेवर अंगठा फिरवून मान डोलवत होता. मी कितीही फळा रंगवला असता तरी हे इतक्या लवकर पटलं नसतं.

“म्हंजी इतकी वर्सं,” आप्पा सावकाश म्हणाले, “आमी हत्तीला शेंदूर लावत व्हतो?”

आबांनी मुंडासं नीट केलं. “गनपतीला लावतूच की.”

आधी आप्पाच हसले, पोट धरून. मग सगळा माळ हसला. वाद तिथेच मिटला. नवी मूर्ती गाभाऱ्यात बसली, जुना म्हसोबा समोरच्या ओट्यावर राहिला. बँडचं काय करायचं हा प्रश्न आला तेव्हा आप्पांनी खोळीचे दोन्ही अर्धे ट्रॅक्टरवर ठेवले आणि मिरवणूक भीमेकडे निघाली. ह्यांनी पुढे होऊन नाच केला. लग्नात केला नव्हता एवढा.

जेवणात पुरणपोळी आणि येळवणीची आमटी होती. परतताना भांडगावजवळ चहाला थांबलो तेव्हा हे म्हणाले, “बटाटेवड्यात काय दिसतंय बघ बरं.” मी त्यांच्या बशीतला वडा उचलून खाल्ला.

घरी आल्यावर राहिलेले पेपर हाती घेतले. सिमेंटवाल्याला अर्धा मार्क दिला, गोटे एकमेकांना धरून ठेवणारा तो चुना आठवून. आता वर्गात मी लाव्ह्यापाशी थांबत नाही. वर शिंपले आहेत, हत्ती आहे, वरच्या काळ्या मातीत कांदा आहे, हे सगळं सांगते आणि तास संपला तरी बोलत असते.

परवा वन्संना फोन केला. विचारलं, म्हसोबाला परत शेंदूर चढला का? चढला, म्हणाल्या, देव आहे म्हटल्यावर चढणारच. पण आबा रोज सकाळी स्वतः येतात. चारी बाजूंनी शेंदूर लावू देतात आणि दाढेच्या माथ्यावर कुणाचं शेंदराचं बोट फिरलं की फडक्याने पुसून काढतात.

“म्या इचारलं, आबा, येवढं उघडं का ठिवता? तर म्हनले, माझा बा खरं बोलला व्हता, त्ये दिसू दे.”