वाचनालयातला पाळणा

नलूताई गेल्याचं कळलं तेव्हा मी एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. निरोप घेऊन आलेला भाऊ दारातच उभा राहिला. मी हातातली ओळ पुरी केली, मग विचारलं, "कधी?" ...त्या एका ओळीचीही आता लाज वाटते.

घाटकोपरला आमच्या डोंगराखाली एक सार्वजनिक वाचनालय आहे. नलूताई तिथे ग्रंथपाल होत्या. पुस्तकांच्या कपाटांमागे त्यांनी एक कोपरा केला होता. लोकांनी दिलेलं, त्यांनी दुरुस्त करून घेतलेलं सामान तिथे असे. इस्त्री, कुकर, शेकायची रबरी पिशवी, शिलाई मशीन, बाळाचा पाळणा. पुस्तकासारखंच न्यायचं, पुस्तकासारखंच परत आणायचं. मात्र सोबत एक पुस्तक न्यावंच लागे. पाळणा रिकामा हलवू नये म्हणतात, म्हणून त्या पुस्तक पाळण्यातच ठेवून देत. संपात बाबांची गिरणी बंद झाली तेव्हा आईने तिथूनच मशीन आणलं आणि परकर शिवून आमची चूल पेटती ठेवली. "मशीन हाडूक गेलंय, तर बायेन पुस्तकय गळ्यात घातल्यान," अशी आपल्या मालवणीत कुरकुरली, आणि दुपारी तेच उघडून बसली.

मी मात्र बाबांच्या युनियनची पत्रकं वाचत वाढले. दया नको, हक्क हवा, हे मला पाठ होतं. पुढे वाचनालयाच्या कार्यकारिणीवर निवडून आले आणि पहिल्याच सभेत ठराव मांडला. मुलांना अभ्यासाला जागा नाही, हा कोपरा मोकळा करा. वर भाषणही ठोकलं... उसन्या कुकरावर लोक समाधान मानतात, म्हणून कुणी रस्त्यावर उतरत नाही! आईच्या मशीनचा विषय मी काढला नाही. नलूताई एवढंच म्हणाल्या, "वाचनालय आहे ना गं? मग माणसं वाचू देत की."

"शब्दांवर कोट्या करून प्रश्न सुटत नाहीत, ताई," मी म्हणाले. टाळ्या मला पडल्या, ठराव मंजूर झाला.

नलूताईंनी सगळं सामान चाळीतल्या आपल्या खोलीवर नेलं आणि तिथून देऊ लागल्या. माझ्याशी अबोला कधी धरला नाही. फक्त नाव बदललं. मी त्यांची 'पुढारीणबाई' झाले.

शेवटची भेट चढावर झाली. कुणाच्या तरी बारशासाठी त्या पाळण्याचा लाकडी सांगाडा ओढत नेत होत्या. मला बघून थांबल्या.

"ए पुढारीणबाई, एक टोक धर गं."

"ताई, ठराव मीच मांडलाय. मीच हात लावला तर लोक काय म्हणतील?"

"अगं, पाळणा आहे तो, ठराव नाही. चावत नाही."

त्या हसल्या. मला मीटिंगला उशीर होत होता... मी निघाले. त्याच आठवड्यात त्या झोपेतच गेल्या. हृदय आधीपासूनच कमजोर होतं, असं डॉक्टर म्हणाले. मला कुणीच बोल लावला नाही. लावला असता तर उत्तर तरी देता आलं असतं. मला उत्तरं देता येतात.

परवा त्यांच्या भाच्याला खोली आवरायला मदत करायला गेले. दार उघडलं तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत कुकर, बादल्या, शिडी, दोन मशीनं... मी शेजारच्या काकूंना विचारलं, "त्या झोपायच्या कुठे?"

"कुठे म्हणजे? इथेच, गॅलरीत. आत सामान, बाहेर बाई! मी म्हणायचे, अहो, पावसात वाट लागेल तुमची. तर म्हणायच्या, वारा झकास येतो."

वळकटी अजून कठड्याला टेकून उभी होती. भाच्याने ती उचलायला हात घातला, तर मी नको म्हटलं. ठरावाची भाषा माझीच होती... 'सदर सामान अन्यत्र हलवण्यात यावे.' अन्यत्र म्हणजे कुठे, हे त्या सभेत कुणी विचारलं नाही. मीही नाही.