साडूंची राहिलेली सावड

एका वेबसाइटवर माणसाने किती रागवावं याला काही मर्यादा असते, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा टाकवे बुद्रुकला येऊन आमच्या साडूंना भेटावं. माणसं सरकारवर रागावतात, सुनेवर रागावतात. शनिवार-रविवारी लोणावळ्यात जी गर्दी लोटते तिच्यावर तर मीही माझ्या औषधांच्या दुकानात बसून यथेच्छ रागावतो. पण आमचा राग येतो आणि जातो. साडूंचा राग गेली कित्येक वर्षं मुक्कामाला आहे, आणि पाहुणचार चांगला होत असल्यामुळे तो बाळसंही धरतो आहे. माझ्या बायकोची धाकटी बहीण यांना दिली तेव्हा चौकशीत एवढंच कळलं होतं की मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे, घरची भातशेती आहे आणि सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. या वेबसाइटचं व्यसन लग्नानंतर उघडकीला आलं, आणि तोपर्यंत उशीर झाला होता.

ही वेबसाइट म्हणजे काय प्रकरण आहे ते साडूंनी मला पहिल्या दिवाळसणालाच, करंजी हातात धरून, समजावून सांगितलं. जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपापलं लिखाण, ज्याला ते कोड म्हणतात, तिथे आणून ठेवतात. कुणीही यावं, वाचावं, चूक काढावी, जमलं तर दुरुस्त करून द्यावी. तिचं खरं नाव इंग्रजी आहे, पण साडू तिला खळं म्हणतात. "गावाचं खळं आसतं ना पाव्हणं, तसं. ज्यानं त्यानं आपलं आनून मळायचं, आनि शेजाऱ्याचं मळताना हात लावायचा." आता आमच्या मावळात भाताच्या लावणीला सावड चालते. आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात वाकायचं, उद्या तुम्ही त्यांच्या. पैशाचा संबंध नाही, दिवसाला दिवस. ज्याने तुमच्याकडे दिवस भरला त्याचा दिवस तुम्ही फेडलाच पाहिजे, नाहीतर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. साडूंनी हा कायदा साऱ्या पृथ्वीला लागू केला. परदेशातल्या कुणी यांच्या प्रोग्रॅममधली एखादी ओळ सुधारली की हे आठवड्याच्या आत त्याच्या प्रोग्रॅममध्ये शिरून काहीतरी सुधारून यायचे, मग तिथे सुधारण्यासारखं काही असो वा नसो. एकदा कुठल्याशा बाईंचा प्रोग्रॅम इतका नेटका निघाला की त्यात काही केल्या चूक सापडेना. साडू चार दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी त्यांनी त्या बाईंचा एक बंद पडलेला दुवा शोधून काढला आणि तो चालू करून दिला, तेव्हा कुठे त्यांनी दुसऱ्यांदा आमटी घेतली.

नोकरी त्यांची कंपनीत, पण जीव त्यांनी स्वतः लिहिलेल्या एका प्रोग्रॅमवर. त्याचं नावच 'सावड'. कोणाच्या शेतात कोणत्या दिवशी किती माणसं जायची हा हिशोब पूर्वी गावातले बबनआबा डोक्यात ठेवत. आबांचं वय झालं, नावं विसरायला लागली, म्हणून साडूंनी तो हिशोब फोनवर आणला आणि प्रोग्रॅम खळ्यावर ठेवला. पहिल्याच लावणीत घोटाळा झाला. गावातल्या सखूमावशी सकाळी शाळेत पोरांची खिचडी शिजवतात आणि दुपारनंतर लावणीला जातात, म्हणजे त्यांचे सगळे दिवस अर्धे. त्या अर्ध्या-अर्ध्या दिवसांनी साऱ्या आळीच्या खाचरांत वाकल्या होत्या. त्यांच्या पाळीच्या दिवशी मात्र त्यांच्या बांधावर एकही माणूस आला नाही. रोपांच्या जुड्या उपटून ठेवलेल्या, आणि मावशी शेजारी बसलेल्या. फोनमध्ये त्यांच्या नावापुढे शून्य. साडू धावत गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुज्या फोनात मी न्हाईच का रं बाबा?" बबनआबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "माज्या डोक्यात व्हती ती."

साडू आणि माझी मेव्हणी त्या दुपारी मावशींच्या खाचरात उतरले, जमेल तेवढी लावणी केली, आणि घरी आल्यावर साडूंनी खळ्यावर आपली अडचण लिहून टाकली. स्वतः तीनदा कोड वाचला, चूक दिसेना. सकाळी उठून बघतात तर कुणीतरी एक ओळ बदलून दिलेली. प्रोग्रॅम अर्धा दिवस आला की तो टाकून देत होता, एवढीच चूक. खाली त्या माणसाने इंग्रजीत लिहिलं होतं की अर्धा दिवस हेसुद्धा काम असतं. बस्स. नावाच्या जागी दोन अक्षरं आणि पाच आकडे, फोटोच्या जागी करडा गोळा. मावशींच्या बांधावर त्या सकाळी चौदा माणसं आली आणि दुपारपर्यंत त्यांचं खाचर हिरवं झालं. साडू हर्षभरित होऊन सावड फेडायला त्या माणसाच्या पानावर गेले, तर पान रिकामं. त्याचा स्वतःचा एकही प्रोग्रॅम नाही. ज्याचं शेतच नाही त्याचा दिवस कुठे भरायचा? हा काटा तेव्हा जो रुतला तो रुतलाच. तो माणूस पुन्हा खळ्यावर दिसला नाही.

पुढे खळ्याचा मालक बदलला. साडूंच्या मते घसरण तिथून सुरू झाली. जे पान पापणी लवायच्या आत उघडायचं ते आता नुसतं गरगर फिरत राहतं. बटणं दर महिन्याला जागा बदलतात आणि साडू रिकाम्या जागेकडे बोट दाखवून, गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणतात, "काल हितं व्हतं." डोळ्यांसमोर असलेली फाइल शोधायला सांगितली तर खळं म्हणतं असं काही अस्तित्वात नाही. आणि भर कामाच्या दिवशी सगळं बंद पडलेलं असताना खळ्याच्या तब्येतीचं जे वेगळं पान असतं त्यावर हिरव्या टिकल्या लावून लिहिलेलं असतं, सर्व काही सुरळीत. याचा त्यांना सगळ्यात जास्त संताप. "बंद हाय तर बंद हाय म्हना की! आमची डीपी जळल्यावर वायरमन तरी सांगतो का, लाइट हाय म्हनून?" वराळ्याला एका लग्नात नवऱ्याकडच्या कुणा तरुणाने सहज म्हटलं की हल्ली ती साइट बरीच सुधारली आहे. त्यानंतर साडू जे बोलायला लागले ते मंगलाष्टकं संपली, हार पडले, पंगत बसली तरी थांबले नाहीत. मुठीतल्या अक्षता त्यांनी जिलबी वाढली जात असताना वधूवरांच्या दिशेने टाकल्या. तो तरुण त्यानंतर आमच्या नात्यातल्या कुठल्याच लग्नाला आलेला नाही.

या सगळ्यात फायदा एकट्या भाताचा झाला. खळं बंद पडलं की साडू लॅपटॉप मिटतात, विळा घेतात आणि बांधावर जातात. सुरुवातीला महिन्यातून एकदा जात, मग आठवड्यातून, मग एक दिवसाआड. त्यांच्या खाचरात तणाचं पातं उरलं नाही. बांध असे तासलेले की शेजारचे लोक आपल्या पोरांना दाखवायला आणू लागले. एसटीची वाट बघणारी माणसंसुद्धा साडूंना दुपारी शेतात बघून एकमेकांना सांगत, "खळं बसलंय वाटतं आज." मेव्हणी मला म्हणाली, "दाजी, त्या साइटवाल्यांना एक पत्र लिहा, म्हणावं असंच चालू ठेवा. नाचणीचं पण करून घेते यंदा."

मग खळ्यावर यंत्रं आली. म्हणजे माणसांच्या ऐवजी यंत्रंच कोड वाचू लागली, चुका काढू लागली, दुरुस्त्या सुचवू लागली. साडूंना हे कळायला वेळ लागला. एका यंत्राने त्यांच्या 'सावड'मध्ये काहीतरी सुचवलं, तर यांनी रिवाजाप्रमाणे त्याला लांबलचक पत्र लिहिलं: आपण कुठले, आपला प्रोग्रॅम कोणता, आपला दिवस मी कसा फेडू, आणि कधी या बाजूला आलात तर घरचा इंद्रायणी तांदूळ खाल्ल्याशिवाय जायचं नाही. तिकडून तात्काळ उत्तर आलं, "उत्तम प्रश्न!" साडूंनी ते दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, "पाव्हणं, मानूस न्हाई हे. मानूस पयल्या झटक्याला उत्तम प्रश्न म्हनत न्हाई. मास्तर बी म्हनत न्हाईत." मी म्हटलं, असेना का यंत्र, काम फुकट करतंय तर करू द्या. यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी मुदत संपलेलं औषध त्यांना विकलं होतं. "फुकट कसं? त्याचा दिवस मी कुटं फेडू?" त्यांना खरोखरच हे सहन होत नव्हतं. आणि एक दिवस त्याच यंत्राने नवी सुधारणा पाठवली: प्रोग्रॅम सुटसुटीत व्हावा म्हणून अर्धे दिवस काढून टाकावेत.

साडू त्या दिवशी ओरडले नाहीत. त्यांनी लॅपटॉप मिटला, सखूमावशींच्या घरी जाऊन चहा पिऊन आले, आणि मेव्हणीला सांगितलं की आपण खळं सोडतोय.

भाताच्या कणगीशेजारी एक जुना कॉम्प्युटर मांडला गेला. त्यावर साडूंनी आपलं स्वतःचं खळं उभं केलं. उंदरांनी दोनदा वायर कुरतडली, मेव्हणीने तीनदा त्याच्यावर पापड वाळत घातले कारण तो छान गरम राहतो, आणि वीज गेली की खळं जातं. पण तेव्हा साडू दारावरच्या पाटीवर खडूने 'बंद आहे' असं प्रामाणिकपणे लिहितात. सगळे प्रोग्रॅम इकडे आले. एकच गोष्ट येईना. ती दोन अक्षरं आणि पाच आकडे यांचा पत्ता फक्त जुन्या खळ्यावर होता. तिथलं खातं बंद केलं तर त्या माणसाने यांना शोधायचं कुठे, आणि यांनी त्याला? म्हणून खातं तसंच उघडं ठेवून, जाता जाता साडूंनी त्या जुन्या दुरुस्तीखाली एक चिठ्ठी लिहून ठेवली: तुमचा एक दिवस माझ्याकडे राहिला आहे, मी जागा बदलली आहे, नवा पत्ता हा, काहीही काम असेल तर सांगा. पण जुन्या खळ्यावर रखवालदार म्हणूनही एक यंत्रच आहे. ज्या चिठ्ठीला दोन महिने उत्तर नाही तिच्याखाली ते विचारतं, हा विषय अजून लागू आहे का? आणि कुणी काही बोललं नाही तर चिठ्ठी बंद करून टाकतं. ज्या वेबसाइटचं नाव काढलं की साडूंचे कान लाल होतात, तिच्यावर ते दर दोन महिन्यांनी, देवाला जावं तसे नेमाने जातात, एक शब्द लिहितात आणि शिव्या देत बाहेर पडतात.

यंदा त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पंधरा दिवस पालथं झोपायला सांगितलं, लॅपटॉपकडे बघायचंसुद्धा नाही. मी डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन टाकव्याला गेलो, तर साडू ओटीवर पालथे पडून फरशीशी बोलत होते. मी आल्याचं कळताच फरशीकडे बघतच म्हणाले, "बरं झालं आलात. आज त्याचे दोन म्हयने भरत्यात. तेवढं उघडा." पासवर्ड सांगण्यापूर्वी त्यांनी मेव्हणीला आत जायला सांगितलं. ती म्हणाली, "इंद्रायणीच आहे तो, सगळ्या आळीला माहीत आहे."

मी ते पान उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच उघडत होतो. वर साडूंची चिठ्ठी. खाली रखवालदार यंत्राचा प्रश्न, हा विषय अजून लागू आहे का? खाली साडूंचं उत्तर, व्हय. पुन्हा प्रश्न, पुन्हा व्हय. मी खाली सरकत राहिलो तरी ते संपेना. वर्षानुवर्षं एक यंत्र विचारतंय आणि आमचे साडू सांगताहेत. मी म्हटलं, "साडूभाऊ, तो माणूस आता येतोय होय? त्याला आठवतही नसेल."

"नसंल," साडू फरशीला म्हणाले. "पर चुकून आला आनि हितं बंद दिसलं तर? त्याला वाटंल मी दिवस बुडवला."

मी 'व्हय' लिहिलं आणि बटण दाबलं. पान बराच वेळ गरगर फिरलं, साडूंनी फरशीला दोन शिव्या ऐकवल्या, मग ते 'व्हय' एकदाचं गेलं. साडूंचा जीव भांड्यात पडला. म्हणाले, "तुमचा बी एक दिवस आला माज्यावर." मी म्हटलं, एक शब्द तर लिहिला, फार तर अर्धा धरा. "अर्धा तर अर्धा," ते म्हणाले, "त्यो बी धरतो आता आपला प्रोग्रॅम."

परत आल्यावर मी दुकानातल्या कॅलेंडरवर दोन महिन्यांनंतरच्या तारखेभोवती पेनाने गोल केला. तोपर्यंत साडू उठून बसतील, बघू लागतील, त्यांचं ते करतील. तरी असू द्यावा. बायकोने विचारलं, कुणाचं औषध संपतंय त्या दिवशी? मी म्हटलं, कुणाचं नाही, टाकव्याला एकाच्या सावडीला जायचं आहे.