मेणातला तुकडा

"कॉर्डोमा," डॉक्टर म्हणाले. आमचे हे म्हणाले, "स्पेलिंग सांगता का, सर?" चामराजपेटच्या छापखान्यात जन्मभर पानं लावलेला माणूस. मरणाचं नाव कळलं तरी ते आधी बरोबर लिहून घ्यायचं होतं. डॉक्टरांनी एकेक अक्षर सांगितलं आणि मग हा कॅन्सर असल्याचं सांगितलं.

कॉर्डोमा म्हणजे कण्याच्या हाडात होणारा कॅन्सर. आपण आईच्या पोटात असताना कणा तयार होतो, तेव्हाच्या काही पेशी मागे उरतात आणि क्वचित कुणाच्या तरी अंगात त्या पुढे बिघडतात. यांना माकडहाडाच्या वर गाठ होती. "फार रेअर आहे. मीसुद्धा मोजकेच पाहिलेत," डॉक्टर म्हणाले. जसा काही आमचा सत्कारच चालला होता!

तोवर आम्ही काय कमी फिरलो होतो? बसलं की दुखतं, एवढीच तक्रार होती. एकाने स्लिप डिस्क सांगितली, दुसऱ्याने खुर्ची बदला म्हटलं. आम्ही खुर्ची बदलली, मधे भोक असलेली उशी आणली. पाय बधिर व्हायला लागले तेव्हा कुठे कुणाला एमआरआय सुचला. तुमच्या घरात कुणाचं बसणं असं हळूहळू बंद होत असेल, तर खुर्ची बदलून गप्प बसू नका.

मग बायोप्सी झाली, म्हणजे सुई घालून गाठीचा तुकडा काढला. तो तुकडा मेणात बसवतात. अंगठ्याएवढी चौकोनी वडी होते, तिला ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून हॉस्पिटलने तो ब्लॉक एका प्लास्टिकच्या डब्यात घालून आमच्याच हातात दिला. आमचा ब्लॉक एकच. गाठ अशा जागी होती की ऑपरेशन करता येणार नव्हतं, त्यामुळे दुसरा मिळणारही नव्हता.

काम झाल्यावर डबा घरी आला, तो अक्कांनी देवघरात ठेवला. अक्का म्हणजे यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून यांना त्यांनीच वाढवलं आणि आमच्याच घरी राहायच्या. "त्याचं अंग आहे ते. कपाटात कपड्यांखाली कोंबायचं का?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, सरी, बरं, राहू दे तिथं.

रेडिएशन सुरू असताना वेटिंग रूममध्ये सायली भेटली. पुण्याची मुलगी, इथे आयटीत नोकरी. असल्या दुर्मिळ कॅन्सरच्या पेशंटसाठी काही जण सुट्टीच्या दिवशी काम करायचे, त्यांच्यातली ती. एचएसआर लेआउटमध्ये त्यांची रविवारी बैठक असे. आम्ही गेलो. काचेची खोली, सगळे एकसारखे टी-शर्ट, बिस्किटं, पडद्यावर इंग्रजी व्हिडिओ. खरं सांगते, मला तिथून पळावंसं वाटलं. माझा नवरा उशीवर एका कुशीने बसलाय आणि ही पोरं मॅरेथॉनच्या गप्पा मारतायत!

पण सायलीने यांच्याजवळ बसून नीट समजावलं. "काका, पेशंट इतके कमी, की यावर औषध शोधायला कुणी पुढे येत नाही. आणि ज्यांना शोधायचंय त्यांच्याकडे सॅम्पलच नाहीत. तुमचा ब्लॉक पुढे मिळाला तर आमच्या ओळखीच्या लॅबला खूप मोठी मदत होईल. उपचार चालू आहेत तोवर तुमच्याकडेच ठेवा."

हे घरी येताना एकदम खुशीत होते. "मला नाही तर पुढच्याला तरी," म्हणाले. रात्री जेवताना अक्कांच्या समोर म्हणाले, "मी गेलो की..." अक्का म्हणाल्या, "जेवताना कसलं अभद्र बोलतोस रे!" आणि ताटावरून उठून गेल्या. "तो डबा सायलीला द्यायचा, विसरायचं नाही," असं यांनी मला पुढे बजावलं, ते अक्कांनी ऐकलंच नाही.

गाठ मग फुप्फुसात गेली. मेटास्टॅसिस म्हणतात त्याला, म्हणजे एका जागचा कॅन्सर दुसऱ्या जागी रुजणं. डॉक्टर म्हणाले, "आता त्यांना दुखणार नाही एवढं बघू." त्यांनी तेवढं बघितलं, याबद्दल त्यांचे उपकार आहेत. हे गेले तेव्हा मी डोक्याशी होते आणि अक्का पायाशी.

तेराव्यानंतर सायली डबा न्यायला आली. मी देवघरात हात घातला. समई होती, तांब्या होता, डबा नव्हता. अक्कांना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अस्थींबरोबर दिला की. श्रीरंगपट्टणला भावजींनी सोडला ना, त्याच कलशात बांधून दिला मी."

भावजी म्हणजे यांचे चुलत भाऊ. त्यांनी कलश नेला तेव्हा मी घरी आडवी पडले होते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी अक्कांना नको नको ते बोलले. "त्यांनी एवढं एक मागितलं होतं! एवढं एकच!" अक्का म्हणाल्या, "अर्धं अंग कावेरीत आणि अर्धं कुणाच्या कपाटात? त्याला गती कशी मिळायची गं? मला कुणी सांगितलं का?"

सायली म्हणाली, "इट्स ओके, काकू." मी तिच्यावरही ओरडले. काय ओके? त्या माणसाचं एवढं दुखणं, त्यातून एक तुकडा मागे उरला होता आणि तो माशांनी खाल्ला. तुमच्या व्हिडिओत सगळं आहे, पण हा डबा अस्थींबरोबर सोडू नका, एवढं एक वाक्य नाही. आमच्या घरात काय होतं ते तुम्हाला माहीतच नाही, आणि मदत करायला निघालात!

ती रडत गेली. पुढच्या रविवारी मी स्वतःच एचएसआरला गेले. सेवा बिवा काही नव्हतं मनात, भांडायलाच गेले. ते वाक्य कन्नडमध्ये घाला, मराठीत घाला म्हटलं. "काकू, हे जरा सेन्सिटिव्ह आहे," एकजण म्हणाला. मी म्हटलं, माझ्यापेक्षा जास्त? वाक्य आलं. तेव्हापासून घरोघरी जाऊन मीच ते सांगते. तोंडावर सांगते, उगाच गोड करून नाही.

मधे हेब्बाळहून एका सुनेचा फोन आला. बेळगावकडची माणसं. नवऱ्याला असाच कसलासा दुर्मिळ कॅन्सर, कालच गेला. ब्लॉक द्यायचा असं तो सांगून गेला होता, पण सासू डबा सोडायला तयार नव्हती. मी चपला घातल्या, तर अक्का दारात उभ्या. आमचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं. "मी येते," म्हणाल्या. नको म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

ती सासू डबा पदराखाली धरून भिंतीला टेकून बसली होती. मी तोंड उघडायच्या आत अक्का तिच्याशेजारी खाली बसल्या. "मीही असंच केलं," त्या म्हणाल्या. "पाण्यात सोडला. गती मिळाली का नाही, देवाला ठाऊक. पण तो एक गोष्ट सांगून गेला होता आणि ती मी मोडली. आता कुणाकडे माफी मागू?" असं त्या माझ्यापाशी कधी बोलल्या नव्हत्या. मग त्या बाईने डबा काढून अक्कांच्या ओंजळीत ठेवला.

मला आनंद व्हायला हवा होता, पण मला राग आला. त्यांचा पोचणार, आमचा नाही. पुढेमागे औषध निघालंच, तर त्यात माझ्या माणसाचा कणभरही वाटा नसेल. ही आग विझलेली नाही आणि ती विझली असं तुम्हाला सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. तुम्ही फक्त एवढं करा: हॉस्पिटलकडून डबा मागून घ्या, आणि तो कशासाठी आहे ते घरातल्या प्रत्येकाला सांगा. जेवण अर्धं टाकून उठून जाणाऱ्यालाही मागे जाऊन सांगा.

लॅबकडे जायला रिक्षा केली. अक्कांनी डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. पहिल्याच गतिरोधकावर रिक्षा उडाली, तशा त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "स्वल्प हळू, अण्णा. आमचं माणूस आहे."