पाण्याखालचा वाघ

समुद्राच्या तळाशी राहणारा कोणताही राक्षस व्हिडिओ गेममध्ये वाघासारखी डरकाळी फोडतो. पाण्याखाली तेवढी हवा तो कुठून आणतो, हा प्रश्न गेम बनवणाऱ्यांना पडत नाही. मी खर्डीला घरी बसून अशा प्राण्यांचे आवाज तयार करते, त्यामुळे असले दिग्दर्शक बरेच पाहिलेत. गेल्या पावसाळ्यात आला, त्याचा आत्मविश्वास त्या सगळ्यांत जास्त.

त्याच्या गेममध्ये कवचवाला राक्षस होता. त्याचा आवाज मंजूर झाला, तर पुढचे सगळे प्राणी माझ्याकडे येणार होते. दिग्दर्शकसाहेब स्वतः ऐकायला येणार म्हणून मी तयारी लिहून काढली: पत्र्याची बादली, विहिरीचं पाणी, पाण्यात बुडवायचा माइक, जिवंत चिंबोऱ्या. खेकड्याच्या नांग्या पत्र्यावर घासल्या की पाण्यात जी करकर होते, ती मला हवी होती. चिंबोऱ्या धरायचं काम मोठ्या जावेला दिलं.

तिने टोपली भरून आणली. एकीलाही नांगी नव्हती.

“नांग्या कुठायत?”

“मोडल्या. धरली की मोडायची, मंग टोपलीत टाकायची. नायतर एकमेकींना कापतील ना.”

“मला नांग्याच हव्या होत्या!”

“मंग तसं बोलायचं गो. तू जिवंत आन बोललीस. जिवंत हायत.”

दुसऱ्या चिंबोऱ्या धरायला वेळ नव्हता. टोपलीतून बारीक फसफस येत होती. त्या तोंडातून फेस काढत होत्या. मी माइक टोपलीला लावला आणि आवाजाचा वेग अगदी कमी केला. अंधारात कुणीतरी सावकाश तोंड उघडतंय, असं वाटलं.

“बंद कर ते,” जाऊ म्हणाली. “काटा आला अंगावर.”

दिग्दर्शकाने हेडफोन लावून ऐकलं.

“इंटरेस्टिंग. पण डरकाळी कुठे आहे?”

“पाण्यात डरकाळी कशी येईल?”

“मॅडम, प्लेअरला कळायला हवं ना, की आपण घाबरलोय!”

त्याने मोबाइलवर वाघ वाजवला. “हे तुमचं खाली ठेवू, वरून हा टाकू.”

“वाघ पाण्यात कशाला गेलाय?” जावेने विचारलं. तो समजुतीने हसला.

वाघ येणार असेल तर माझा आवाज वापरू नका, पुढचे प्राणीही दुसऱ्याकडून करून घ्या, असं मी सांगितलं.

“एवढं पर्सनली घेऊ नका हो,” तो म्हणाला.

आत चिंबोऱ्यांचं कालवण उकळायला लागलं होतं, वास पार ओटीवर आला होता. अशा वेळी दारी असलेल्या माणसाला आमच्याकडे जेवायला थांब म्हणतात. मी त्याला पुढच्या गाडीची वेळ सांगितली.