पॉइंट टू-टू पाहायचा कार्यक्रम

बंदुकीच्या दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि बसणारे जास्त. नागपुरात आमच्या दुकानात मी एकवीस वर्षं रजिस्टर लिहितोय. एखाद्या महिन्यात एकही हत्यार विकलं जात नाही, पण किस्सा घडला नाही असा आठवडा जात नाही. सगळे सांगत बसलो तर तुमचं जेवण राहील, म्हणून फक्त मेश्राम मास्तरांचे सांगतो.

मास्तर उमरेडच्या शाळेत विज्ञान शिकवतात. क्लबच्या रायफलीवर नेमबाजी शिकले आणि चार वर्षं हेलपाटे घातल्यावर त्यांना स्वतःचं लायसन्स मिळालं. पण हत्यार घ्यायला मुदत असते आणि मास्तरांची त्याच महिन्याच्या शेवटी संपत होती. मुदत गेली की पुन्हा अर्ज, पुन्हा हेलपाटे! त्यात हत्यार एकदा लायसन्सवर चढलं की शर्टासारखं परत करता येत नाही.

मास्तरांच्या ऐपतीत बसणारी एकच रायफल आमच्याकडे होती. पॉइंट टू-टू, सेमी ऑटोमॅटिक. म्हणजे ट्रिगर दाबला की एक गोळी जाते आणि पुढची आपोआप आत येऊन बसते. वय चाळीसच्या पुढे. मालक हुडकेश्वरचे देशकर साहेब, कोळसा खाणीतून रिटायर झालेले. त्यांनी ती विकायला आमच्याकडे जमा केली होती.

*

पहिल्या दिवशी मास्तर उमरेडच्या एसटीतून उतरले ते वही घेऊन. वहीत बत्तीस प्रश्न, प्रत्येकापुढे समास आखलेला!

आमच्या नत्थू मिस्त्रीने रायफल काउंटरवर ठेवली. नत्थू तीस वर्षं हत्यारं दुरुस्त करतो. त्याची खोड अशी की माल आमचा असला तरी खोट तो गिऱ्हाइकाला आधी दाखवतो. दुकानाचे मालक शेठ वैतागतात, पण नत्थूशिवाय दुकान चालत नाही.

मास्तर म्हणाले, "पॉलिश तर चांगलं दिसून राहिलं."

"पॉलिश सोडा मास्तर. नवरीचा मेकअप पाहून लग्न करता का? स्क्रूचे डोके पाहा. कोण्या अडाण्यानं खोलली असंन तर खाचा चावल्यासारख्या दिसतात."

मास्तरांनी एकेक स्क्रू भिंगाखाली धरला. अर्धा तास लागला. मग वहीत लिहिलं, "स्क्रू : चारित्र्य उत्तम."

*

दुसऱ्या खेपेला नळी पाहायची होती. मास्तरांचा एक जुना विद्यार्थी रामदासपेठेत दातांचा डॉक्टर आहे. त्याच्याकडून ते दांडीवाला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन आले.

आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा काढला, गोळी आत ढकलणारा बोल्ट मागे ओढला, रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहिलं, मग बोट घालून पाहिलं. असं तीनदा! मी विचारलं तर म्हणाले, "पेपरचे मार्क मी तीनदाच मोजतो."

मग आरसा लावला, टॉर्च लावला आणि मास्तर ओरडले, "खड्डा! नत्थूभाऊ, नळीत खड्डा आहे!"

गंजाने नळीला खड्डे पडले की संपलंच. आम्ही सगळे धावलो. नत्थूने डोळा लावला, बराच वेळ पाहिलं, आणि सळईला चिंधी लावून नळीतून फिरवली. चिंधीबरोबर एक कोळी बाहेर पडला आणि काउंटरवरून चालायला लागला.

"मास्तर," नत्थू म्हणाला, "पाय असलेला खड्डा मी पहिल्यांदा पाहून राहिलो!"

*

तिसरी परीक्षा माझी होती. रायफलीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळायलाच हवा. नाहीतर घेणारा, देणारा आणि लिहिणारा तिघेही अडकतात. या रायफलीवर शेवटचा आकडा झिजला होता. मी म्हणत होतो तीन, शेठ म्हणत होते आठ. साहेबांच्या लायसन्सवर आठ होता.

शेठ म्हणाले, "आठच आहे."

मी म्हणालो, "तुम्ही लायसन्स पाहून सांगून राहिले, रायफल पाहून नाही."

आमचं जुंपलं. मास्तरांनी शांतपणे वहीचं पान फाडलं, नंबरावर ठेवलं आणि वरून पेन्सिल घासली. चौथीतली पोरं नाण्याचं चित्र काढतात ना, तसं. कागदावर गुटगुटीत आठ उमटला.

मास्तर मला म्हणाले, "बोरकरभाऊ, दहापैकी शून्य."

*

चौथ्या खेपेला त्यांनी सल्ल्यासाठी साळ्याला आणलं. साळा मोबाइलवर व्हिडिओ पाहून तयार झालेला तज्ज्ञ. आल्या आल्या रायफल उचलली, बोट थेट ट्रिगरवर, आणि नळीचं तोंड शेठच्या पोटाकडे!

रायफल रिकामी होती, पण नत्थूकडे या रोगावर एक ठरलेलं औषध आहे. त्याने अलगद रायफल काढून घेतली आणि पाहुण्याच्या एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हातात बिस्किटांची बशी दिली. दोन्ही हात गुंतले की माणूस सुरक्षित!

मग नत्थूने लाकडी नकली गोळ्या भरून बोल्ट दहा-दहा वेळा ओढून दाखवला. जुन्या सेमी ऑटोमॅटिकचं दुखणं इथेच असतं. स्प्रिंग थकते, मॅगझिनचे ओठ वाकतात आणि गोळी मध्येच अडकते. इथे एकही अडकली नाही. साळ्याचा ग्लास रिकामा व्हायचा तसा नत्थू भरायचा.

जाताना मास्तरांनी विचारलं, "मग, तुझं मत काय?"

साळा म्हणाला, "भाऊजी, आधी बाथरूम कुठे आहे ते सांगा."

*

बत्तीसपैकी एकतीस प्रश्नांवर बरोबरची खूण झाली, राहिला फक्त नेमबाजीच्या रेंजवर गोळी झाडून पाहायचा. मुदतीला तीन दिवस उरले. तरी मास्तरांचा हात पुढे येईना. घरी त्यांनी वही आईला वाचून दाखवली. म्हातारीने जन्मभर बाजारातून बैल निवडून आणलेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बंदूक पाहिली. मालक पाहिला का गा? तो काहून विकून राहिला, हे विचारलं का?"

हा प्रश्न वहीत नव्हता!

दुसऱ्या दिवशी मास्तर, नत्थू आणि मी हुडकेश्वरला साहेबांकडे गेलो. साहेब ऐंशीच्या घरातले, ताठ. दारात त्यांनी नत्थूला "या बोरकर" म्हटलं आणि मला "बसा मिस्त्री". स्वतः पाणी ओतलं, अर्धं ग्लासात, अर्धं ट्रेमध्ये.

मास्तरांनी विचारलं, "साहेब, काहून विकून राहिले?"

"बिघडली म्हणून," साहेब म्हणाले. "चाळीस वर्षं माझा नेम चुकला नाही. आता दोन वर्षं झाली, दहा मारल्या तर एक लागत नाही. नळी गेली असंन. तुमच्या मिस्त्रीले सापडत नसंन, पण मले माहीत आहे. मी खोटं बोलून विकणारा माणूस नाही."

नत्थूने ट्रेमध्ये सांडलेल्या पाण्याकडे पाहिलं आणि खिशातल्या फडक्याने ते पुसलं. खोट सांगण्यात तरबेज असलेल्या माणसाला मी असा अडलेला कधी पाहिला नव्हता. मलाही खूप वाईट वाटलं.

"परवा रेंजवर या," साहेब पुढे म्हणाले. "माझ्यासमोर पाच गोळ्या मारा. पाचच्या पाच लागल्या तर रायफल तुमची. नाहीतर मी देणार नाही. बिघडलेलं हत्यार मास्तराच्या गळ्यात बांधलं असं माझ्या नावावर नको."

*

परवा म्हणजे मुदतीचा शेवटचा दिवस. रेंजवर सकाळी आठला साहेब आमच्या आधी हजर, इस्त्रीच्या कपड्यात. लायसन्सवर चढवायचे सगळे कागद मी बॅगेत भरून नेले होते. फक्त साहेबांची सही बाकी होती.

पंचवीस मीटरवर कागद लावला. मास्तर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून पालथे पडले. पाच गोळ्या भरल्या. एक. श्वास. दोन. श्वास. पाचही सुटल्या, कुठेही अडकली नाही. पाच रिकाम्या पुंगळ्या उजवीकडे पडल्या, त्या मी मोजल्या.

नत्थू कागद घेऊन आला. चालता चालताच तो कागदाकडे बघत होता. मी पाहिलं. अगदी मधोमध एकच भोक, आठाण्याएवढं, कडा पाकळ्यांसारख्या फाटलेल्या. पाचही गोळ्या त्याच भोकातून गेल्या होत्या. एकवीस वर्षांत मी असा कागद पाहिला नाही.

साहेबांनी कागद मागितला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग तो मांडीवर पसरला आणि बोटाने चाचपू लागले. वरपासून खालपर्यंत, कोपऱ्या-कोपऱ्यातून. बोट मधल्या भोकावर थांबलं. पुन्हा सगळा कागद चाचपला. पुन्हा तिथेच थांबलं.

"एकच," साहेब म्हणाले. "पाच मारल्या, एक लागली! मी म्हणून राहिलो होतो ना? नळी गेली. मास्तर, मी नाही देत."

नत्थूने माझ्याकडे पाहिलं, मी मास्तरांकडे. चार वर्षांचे हेलपाटे त्या एका भोकाशी येऊन थांबले होते. एक वाक्य बोललं असतं तर काम झालं असतं.

मास्तर साहेबांजवळ उकिडवे बसले. कागद त्यांच्या मांडीवरून हळूच घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला.

"हो साहेब, एकच लागली," ते म्हणाले. "बिघडलेलीच आहे. पण मले तशीच द्या."

"तशीच?"

"माझाही नेम काही तुमच्यासारखा नाही. मले पुरते."

साहेब मोठ्याने हसले. दोन वर्षांत एवढे हसले नसतील.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्हाले बंदुकीतलं काहीच कळत नाही!"

"नाही कळत, साहेब," मास्तर म्हणाले आणि सहीसाठी पेन त्यांच्या हातात दिला.