देवाच्या दोन फळ्या

माघ महिना, सोमवार, सकाळची वेळ. काम : तळ्याच्या जुन्या मानशीच्या जागी नवं गेट बसवणे. मंजूर रक्कम एक लाख ऐंशी हजार. बांधावर हजर : शेतकरी मंडळाचे अध्यक्ष विष्णूबाब परब, म्हापशाचे दातांचे डॉक्टर आग्नेल, माझा खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस, आणि मी, पाटबंधारे खात्याचा ज्युनिअर इंजिनिअर. जुन्या मानशीच्या पुढ्यात पायाचा खड्डा खणून झाला होता, कंत्राटदाराची खडी येऊन पडली होती, आणि डॉक्टर बूट-पँटसकट त्या खड्ड्यात उतरले होते.

"हा लाल खुंटा कसला?" त्यांनी खालून विचारलं.

"उंबऱ्याची पातळी. गेटचा खालचा काठ तिथं येणार."

"म्हणजे गेट उघडलं की तळ्याचं पाणी इथपर्यंत उतरणार?"

"हो."

"मग तळ्यात काय उरणार?"

"चिखल," मी म्हटलं. खरं तेच होतं.

हे तळं पेडणे तालुक्यात, हळर्णहून पुढे. गोवा राज्य झालं त्याला थोडीच वर्षं झाली होती. आमच्या ऑफिसात तेव्हा शेतकऱ्यांचा अर्ज मराठीतून यायचा, चर्चा कोकणीतून व्हायची आणि फाइलवरचं टिपण इंग्रजीत लिहिलं जायचं. डॉक्टर रविवारी म्हापशाहून आठ-दहा माणसं घेऊन पक्षी बघायला यायचे. आदल्या रविवारी त्यांना हा खड्डा दिसला, म्हणून सोमवारी दवाखाना बंद ठेवून ते मला बांधावर गाठायला आले होते.

मानस म्हणजे तळ्याच्या बांधातलं दार. दगडी खाचेत एकावर एक लाकडी फळ्या बसवलेल्या असतात. पावसात तळं भरतं. दिवाळीनंतर गाव देवळात बसतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाची प्रार्थना करतो, आणि एक फळी काढतो. तेवढं पाणी खालच्या शेतांत जातं. काही दिवसांनी दुसरी फळी निघते. या पाण्यावर वायंगणाचं, म्हणजे हिवाळ्यातलं, भात होतं. पाणी मागे सरकतं तसतशी तळ्याच्या काठची जमीनही मोकळी होते, तिथंही रोप लावतात. पण तळाच्या दोन फळ्या कोणी काढत नाही. त्यांच्या मागे गुडघाभर पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकतं. त्या पाण्यात अडई बदकं उतरतात, उघड्या चोचीचे करकोचे शिंपले फोडत फिरतात. डॉक्टरांची मंडळी बघायला येत ती यांनाच.

विष्णूबाब काठी टेकत खड्ड्याच्या कडेला आले.

"चिखल कसो उरतलो? खालच्यो दोन फळयो देवाच्यो. त्यो कोण काढीना."

"नव्या गेटला फळ्या नाहीत, विष्णूबाब. एक लोखंडी पान असतं. चाक फिरवलं की ते अख्खं वर जातं."

"आनी देवाच्यो फळयो?"

"तुमच्या अर्जात त्या नाहीत."

"अर्जात देव कशाक घालतले? तां सगळ्यांका म्हायत आसा!"

इथंच घोटाळा होता. अर्जात लिहिलं होतं, 'जुन्याच जागी नवीन बसवून मिळावे'. गावाच्या मते त्यात गावच्या राखणदार देवाचा वाटा आपोआप आला. खात्याच्या मते त्यात फक्त जागा आली. खात्याकडे 'टाइप डिझाइन' असतं, म्हणजे एकदा काढून ठेवलेला आणि सगळ्या गावांना चालणारा नकाशा. त्यात उंबरा तळ्याच्या तळाशी दाखवतात, म्हणजे गरज पडल्यास पाणी पूर्ण सोडता यावं. चाक फिरवायला एक माणूस पुरतो. त्यासाठी देवळात बसावं लागत नाही.

मी कंत्राटदाराला काम थांबवायला सांगितलं आणि ऑफिसला गेलो. आमचे असिस्टंट इंजिनिअर शिरोडकर साहेब. निवृत्तीला आलेले आणि ऑडिटला भिणारे.

"उंबरा दोन फूट वर घ्यायचा? कारण काय लिहिणार?"

"पक्षी, साहेब."

"पक्ष्यांसाठी आपल्याकडे हेड नाही." हेड म्हणजे बजेटमधला खर्चाचा रकाना.

"देवाच्या फळ्या आहेत, असं गाव म्हणतो."

"देवाला तर मुळीच हेड नाही."

"गुरं पाणी पितात तिथं. चैत्रापर्यंत."

साहेबांनी चष्मा काढला. "गुरं चालतील. खर्च वाढतो?"

"कमी होतो. लोखंडी पान दोन फूट लहान लागतं."

"मग हे आधी सांगायचं." त्यांनी फाइल ओढली, पेन उघडलं आणि थांबले. "वरच्या अंगाला कुणाचं काही बुडत नाही ना? लेव्हल घेतलीस?"

घेतली नव्हती. फळ्या पूर्वी होत्या, त्याच उंचीवर आता उंबरा, मग नवीन काय बुडणार, असा माझा हिशेब. साहेब म्हणाले, "घे आणि मग ये."

दुसऱ्या दिवशी लेव्हल लावली. लेव्हल म्हणजे तिपाईवरची एक दुर्बीण. ती फक्त आडवं बघते, वर नाही, खाली नाही. खलाशी मापाची रंगीत पट्टी घेऊन जागोजागी उभा राहतो. दुर्बिणीतून आकडा वाचायचा आणि कोणती जागा किती उंच-सखल ते काढायचं. मानशीपासून सुरुवात करून तळ्याच्या काठानं वरपर्यंत गेलो. वरच्या टोकाला एका कुणग्यात, म्हणजे भाताच्या तुकड्यात, रोप हिरवंगार उभं होतं. एक बाई बांधावर बसून गवत काढत होती. सुभद्रा गावस. घरवाला शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. शेत तीच करायची.

"काय बघतास सायबानू? माजां भात सरळ वाडता काय तां?"

"पाण्याची पातळी बघतोय, वहिनी."

"पाणी थंय आसा. हंय भात आसा."

पट्टीवरचा आकडा मी दोनदा वाचला. तिचा कुणगा नव्या उंबऱ्यापेक्षा वीतभर खाली होता. आणि तरी त्यात भात उभं होतं. म्हणजे माझं कुठंतरी चुकत होतं. मी परत मानशीवर गेलो आणि खाली वाकून बघितलं. त्या दोन जुन्या फळ्यांच्या सांध्यातून पाण्याची बारीक धार चालू होती. ती किती वर्षं चालू असेल कोण जाणे. त्या गळतीमुळे पाणी फळ्यांच्या माथ्यापर्यंत कधी राहतच नव्हतं, पौषापर्यंत वीतभर उतरायचं, आणि तेवढ्यात सुभद्रावहिनींचा कुणगा उघडा पडायचा. काँक्रीट गळत नाही. त्याच उंचीवर काँक्रीटचा उंबरा बांधला की पाणी माथ्यापर्यंत राहणार आणि रोपणीचे दिवस निघून जाणार.

आता खाली उंबरा घेतला तर तळं जातं. वर घेतला तर एका घराचं भात जातं. वीतभर खाली घ्यावा तर पौषापर्यंत हळूहळू उतरणारं पाणी दिवाळीतच एकदम सुटतं, आणि एवढ्या पसरट तळ्यात तो अर्ध्या पाण्याचा फरक पडतो. मधली उथळ जागा उन्हाळ्याआधीच सगळी कोरडी होते. मी आकडे तीनदा मांडले. ते बदलले नाहीत.

देवळाच्या मंडपात बैठक झाली. गावचे पंधरा-वीसजण, डॉक्टर, मी. सुभद्रावहिनी खांबाला टेकून उभी होती. उंबरा वर घ्यायचा म्हटल्यावर विष्णूबाब खूश होते. मी कुणग्याचं सांगितलं, तसे ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पयलीपण फळयो थंयच होत्यो. तेव्हा बुडलां नाय, आता कशाक बुडतलां?"

गळतीचं समजावून सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "उंबऱ्यात बारीक पाइप ठेवा. बूच बसवा. पौषात काढायचं, पाणी उतरलं की लावायचं."

"बूच कोणाकडे ऱ्हवतलां?" विष्णूबाबांनी विचारलं. "माज्याकडे ठेवशात तर शिमग्याआधी खालचे लोक माजां दार मोडून न्हेतले." लोक हसले. हसणाऱ्यांत खालचेच जास्त होते. पाइपचा विषय तिथंच संपला.

मग कुणीतरी सुचवलं, माती टाकून कुणगा उंच करावा.

"नको," डॉक्टर झटक्यात म्हणाले. "एकानं तळ्यात माती टाकली की पुढच्या वर्षी दहाजण टाकतील. हरमलला काय झालं? शेतात एक ट्रक माती, मग दुसरा, आणि आता तिथं पर्यटकांच्या खोल्या आहेत."

"दोतोर," सुभद्रावहिनी पहिल्यांदाच बोलली, "मातीचो ट्रक माजो घोवच हाडीत. एक पैसो पडाचो नाय."

"ते मला माहीत आहे, बाय."

"मगे?"

ती माझ्याकडे वळली. "तुमच्या दोगांकडे दुर्बिणी. तुमका पाणी दिसता, तेंका पाखरां दिसतत. माजां शेत कोणाक दिसता तां सांगा."

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "आम्ही दरवर्षी नुकसानभरपाई देऊ. तुम्ही आकडा सांगा. माझी माणसं जमवतील."

"पैसे माजो घोव खाणीवरसून हाडता. माका पैसे नाका. त्या कुणग्यात तीन खंडी भात जाता. तितकांच भात दिया." वीस कुडवांची एक खंडी, कुडव हे आमच्याकडचं धान्याचं लाकडी माप. "आनी माज्या दारात हाडूचां नाय. मी भीक मागूक नाय. तळ्याच्या बांधार, सगळ्यांसमोर, माज्या कुडवान मोजून."

"कोणी द्यायचं?" खालच्यांपैकी एकजण पुटपुटला.

"पाणी कोण घेता?" ती म्हणाली.

विष्णूबाब खालच्या शेतकऱ्यांकडे बघून म्हणाले, "आजपर्यंत देवान आपलो वाटो पाण्यात घेतलो. आता भातात घेता अशें समजूया. दर घरान देवचो." दोघंतिघं कुरकुरले, पण नाही कोणी म्हटलं नाही. तिथंच गाऱ्हाणं घातलं. 'वीतभर पाणी' हे शब्द त्यात पहिल्यांदा आले असतील.

निघताना तिनं डॉक्टरांना थांबवलं. "आनी एक. पाणी भरलां तरी शेत माजां. तुमच्या मानसांनी त्यात पाय घालूचो नाय."

"नाही घालणार," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. त्यांची रविवारची मंडळी मुख्य बांधावरूनच बघायची. नवीन आलेला कोणी फोटोसाठी वरच्या टोकाकडे निघाला की डॉक्टर त्याला हाक मारून परत बोलवायचे आणि सांगायचे, ते कुणाचं तरी शेत आहे. समोर नुसतं पाणी बघून तो माणूस गोंधळायचा.

साहेबांनी फाइलवर सही केली. कारण : 'गुरांना पाणी व उशिराचे सिंचन'. दोन्ही खरं होतं. गेट पावसाआधी बसलं. पुढच्या हिवाळ्यात पाणी उंबऱ्याच्या माथ्यापर्यंत राहिलं, एक बोटही उतरलं नाही. आकडे बरोबर निघाले याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण रोपणीच्या दिवसांत मी तपासणीला गेलो तेव्हा सुभद्रावहिनी वरच्या बांधावर उभी होती. खालच्या शेतांत बायका ओळीनं रोप लावत होत्या, त्यांची गाणी वर ऐकू येत होती. तिच्या कुणग्यात करकोचे चरत होते. तिनं मला ओळखलं.

"हयसर माजी सासू लावणी करी," ती म्हणाली. "तिच्या आदी तिची सासू."

लेव्हलमध्ये बसेल असं ते काही नव्हतं.

नंतर नोकरीत अशी बरीच कामं आली. कुणी तळं वाचवायचं म्हणत आलं की मी पहिल्यांदा विचारायचो, यात बुडतं कोणाचं? बहुतेकांना ते ठाऊक नसायचं. पाणी राखायचं तर ते कोणाच्या तरी जमिनीवरच राहतं. ती जमीन कोणाची, हे गाऱ्हाणं घालण्याआधी लेव्हल लावून बघावं आणि त्या माणसाला समोर बसवून विचारावं. फाइलमध्ये याला रकाना नाही.

कंत्राटदाराला अंतिम बिलापोटी एक लाख एकाहत्तर हजार दिले. चैत्रात मळणी झाल्यावर तळ्याच्या बांधावर भाताचं माप झालं. खालच्या दोन घरांनी आपला वाटा दिला नाही. तो विष्णूबाबांनी आपल्या घरचा घातला. तरी सहा कुडव कमी पडले. ते डॉक्टरांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून विकत घेऊन, स्वतःच्या गाडीतून आणून ओतले. सुभद्रावहिनीनं स्वतःच्या कुडवानं, काठ सपाट करत, शेवटपर्यंत मोजून घेतलं. एकूण तीन खंडी भात, सुभद्रा गावस यांना पोचलं.