मधू तावडेची मोठी गाडी

मधू तावडेच्या हातात कुठलीही वस्तू द्या, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "आधी कोणाची होती?" मग ती छत्री असो, पक्कड असो, नाहीतर टेबलफॅन. "नवीन आहे रे, आजच दुकानातून आणलीय," असं सांगितलं की त्याचा चेहरा पडायचा. नवी वस्तू त्याला ओळख करून न दिलेल्या पाहुण्यासारखी वाटायची. तीच वस्तू कोणीतरी चार वर्षं वापरलेली आहे असं कळलं, की तो खुर्ची पुढे ओढून बसायचा आणि तिची कुंडली विचारायला लागायचा.

आमची ओळखही अशाच एका व्यवहारात झाली. लालबागच्या आमच्या चाळीत तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा, मी तिसऱ्या. माझे वडील पोस्टात होते, त्याचे गिरणीत, विणकाम खात्यात. गिरण्यांचा संप सुरू होऊन काही महिने झाले होते. माझा नववीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी हा मुलगा आमच्या दारात उभा राहिला.

"तुझी पुस्तकं कोणाला देणार आहेस?"

मी गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. तो गॅलरीत मांडी घालून बसला आणि एकेक पुस्तक उघडून बघायला लागला. भूगोलाच्या पुस्तकात मी पानापानावर लाल पेनाने रेघा मारल्या होत्या. त्या बघून तो खूश झाला. "वा! ज्याने एवढ्या रेघा मारल्यात त्याने माझा अर्धा अभ्यास केलाय."

"भूगोलात मी जेमतेम पास झालोय," मी म्हणालो.

त्याने क्षणभर विचार केला. "चालेल. मग रेघा सोडून बाकीचं वाचतो."

त्या दिवसापासून तो माझा मित्र झाला.

संप लांबत गेला आणि त्याचे वडील पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. त्या काळात आमच्या चाळीतली बरीच मुलं नातेवाइकांचे कपडे घालायची आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून धडपडायची. मधूचं उलट. तो आपणहून सांगायचा. "हा शर्ट विजूमामाचा. खिसा बघ केवढा मोठा आहे, मामा यात तंबाखूची डबी ठेवायचा." शर्टाला तंबाखूचा वास यायचा, तोही तो कौतुकाने हुंगायला द्यायचा. लाज वाटावी असं त्यात काही आहे हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही.

शिक्षण बारावीला सुटलं. गिरगावातला एक जुना हॉल बंद पडला, तेव्हा तिथल्या लाकडी घडीच्या खुर्च्या त्याने उचलल्या आणि लग्नामुंजींना भाड्याने द्यायला लागला. खुर्च्यांमागून सतरंज्या आल्या, सतरंज्यांमागून कनाती, आणि बघता बघता 'तावडे मंडप डेकोरेटर' अशी पाटी लागली. ती पाटीही मुळात कोणा डॉक्टरची होती. पावसाने रंग धुपला की 'डॉक्टर'मधला 'डॉ' हळूच वर यायचा आणि लोक मधूला खोकल्याचं औषध विचारायचे.

मंडपाच्या झालरी शिवून द्यायची तळमजल्यावरची शैला. लग्नानंतर वर्षाच्या आतच तिचा नवरा काविळीने गेला होता आणि ती भावाकडे परत आली होती. सगळ्या चाळीला ती माहीत होती ती शिवणयंत्राच्या आवाजावरून. मधू झालरी न्यायला जायचा आणि उगाच टाके तपासत रेंगाळायचा. एकदा मी बरोबर असताना तो तिला म्हणाला, "शैला, तू सगळ्यांच्या लग्नाला झालरी शिवतेस. एकदा आपल्या लग्नाला शिवशील का?"

शैलाने मशीन थांबवलं नाही. "कापड कुठल्या रंगाचं आणताय त्यावर आहे," ती म्हणाली.

मधूची आई मालवणकडची, तोंडाने फटकळ. विधवेशी लग्न करायचं म्हटल्यावर ती काय म्हणेल याची आम्हाला धास्ती होती. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. "तू लगीन करतलंस, ती नांदतली. माका कित्याक इचारतस?" असं म्हणून तिने भाकरी तव्यावर टाकली. लग्न चाळीच्या पटांगणात झालं, मधूच्याच मंडपात, जांभळ्या झालरींखाली.

पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि त्या टॉवरांतल्या दिवाळीच्या पार्ट्यांना खुर्च्या मधूच्याच जायला लागल्या. फक्त आता त्यांना सॅटिनचे झगे घालावे लागायचे. मधूने परळला फ्लॅट घेतला. अर्थात रीसेलचा. पन्नाशी उलटल्यावर शैलाच्या पाठीने कुरकुर सुरू केली. मंडपाच्या टेम्पोत बसणं बंद झालं, जुन्या छोट्या गाडीतही तिला दहा मिनिटं बसवेना. तेव्हा मधूने जाहीर केलं, "आता मोठी गाडी. लांबलचक. सिनेमात शेठ लोक उतरतात तसली."

मी बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, त्यामुळे मधूने मला गाडी खात्याचा सचिव नेमलं. पुढचे कित्येक आठवडे आमचा एकच धंदा होता. सकाळी नवीन गाड्यांचं शोरूम, दुपारी त्याच कंपनीचं वापरलेल्या गाड्यांचं दालन. तिथे 'सर्टिफाइड प्री-ओन्ड' असं लिहिलेलं वाचून मधू फुटपाथवरच हसत सुटला. "प्री-ओन्ड! बघ अरुण, आपल्या सेकंडहँडला यांनी कोट-टाय घातलाय."

मी नव्या गाडीच्या बाजूचा होतो. "आयुष्यात एकदा तरी कोरं काहीतरी घे," मी म्हणायचो. पैशांची अडचण नव्हती. पण नव्या गाडीत बसला की मधू अंग चोरायचा. नव्या कातड्याच्या वासाने त्याला शिंका यायच्या. "याचं मला टेन्शन येतं रे," तो म्हणायचा. "पहिला ओरखडा आपल्यालाच पाडावा लागणार. वापरलेल्या गाडीला तो आधीच पडलेला असतो. आपण मोकळे."

वापरलेल्यांत एक राखाडी रंगाची गाडी त्याच्या मनात भरली होती. तपासून, दुरुस्त करून, कंपनीच्या वॉरंटीसकट मिळणार होती. तिच्या मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात चांदणीचा एक बारीकसा स्टिकर राहून गेला होता. सेल्समन तो खरवडायला लागला तर मधूने त्याचा हात धरला. "राहू दे. लहान मूल होतं त्यांच्याकडे. म्हणजे माणूस गाडी सांभाळून चालवत असणार."

शेवटचा निर्णय घ्यायला तो शैलाला घेऊन आला. मी होतोच. शैला मागच्या सीटवर बसून बघत होती. सेल्समन तरुण, गोड बोलणारा. मधूचा जुन्या वस्तूंचा सोस त्याला एव्हाना माहीत झाला होता. तो म्हणाला, "काका, तुमच्याकडे नवीन असं काहीच नाही का?"

"काही नाही!" मधू अभिमानाने म्हणाला. "पुस्तकं, खुर्च्या, घर, सगळं सेकंडहँड. आणि एकानेही दगा दिला नाही."

"सगळंच?" सेल्समन हसत म्हणाला.

"सगळंच!"

शैला गाडीतून उतरली आणि बाहेर गेली.

मधूला वाटलं तिची पाठ दुखली. मी तिच्या मागे गेलो. ती फुटपाथवर रेलिंग धरून उभी होती, येणाऱ्याजाणाऱ्या बसकडे बघत.

"वहिनी, काय झालं?"

"काही नाही, भावजी." मग म्हणाली, "आमच्या लग्नात मी जिलबी वाढत होते ना, तेव्हा पंगतीत एकजण शेजारच्याला म्हणाला, मध्याने बायकोसुद्धा सेकंडहँडच आणली. सगळे हसले. मी पुढच्या पानावर जिलबी वाढली. काय करणार होते?"

मी मागे वळून बघितलं तर मधू दारात उभा. त्याने सगळं ऐकलं होतं. कायम हसऱ्या असणाऱ्या त्या माणसाचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

"कोण बोलला?" त्याने विचारलं.

"जाऊ दे. तो माणूसही गेला आता."

"आणि मी जन्मभर तोच शब्द तुझ्यासमोर... शैला, मला सांगायचंस तरी."

"त्या शब्दाचं पुढे पुढे काही वाटेनासं झालं," ती म्हणाली. "दुसरंच वाटतं. तुम्ही खुर्चीला विचारता, कपाटाला विचारता, आधी कोणाची होती, तो माणूस कसा होता. माझ्या आयुष्यात आधी कोण होतं ते मात्र एकदाही विचारलं नाहीत."

मधू म्हणाला, "तुला त्रास होईल म्हणून."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला होईल म्हणून."

तेवढ्यात तो सेल्समन पाण्याच्या बाटल्या घेऊन आला, आमचे चेहरे बघून बाटल्या कठड्यावर ठेवून तसाच परत गेला. मधू त्या कठड्यावर बसला. मी सटकायला बघत होतो, तर त्याने माझा शर्ट धरला. "बस रे तू. मला एकट्याला जमायचं नाही."

मग त्याने शैलाला विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"तुम्हाला माहीत आहे."

"तुझ्या तोंडून सांग."

"प्रभाकर," ती म्हणाली. ते नाव एकदा बाहेर आल्यावर बाकीचं आपोआप आलं. प्रभाकर छापखान्यात होता. फार जोरात चालायचा. ती मागे राहायची, मग तो पुढच्या कोपऱ्यावर थांबून पायाने खडे उडवत बसायचा. त्याला दुधी भोपळा आवडायचा नाही आणि तो डब्यातला दुधी गुपचूप मित्राला खायला घालायचा. सांगता सांगता ती हसली, मग रडली, मग पाणी प्यायली. मधू मध्ये मध्ये एवढंच म्हणत होता, "मग? पुढे?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन आला. "नवी गाडी बुक केली रे. विषय संपला."

विषय संपला नव्हता. शैलाने आम्हा दोघांना पुन्हा शोरूममध्ये नेलं. नव्या गाडीच्या मागच्या सीटवर ती बसली, मग पलीकडच्या दालनात जाऊन त्या राखाडी गाडीत बसली, आणि म्हणाली, "बुकिंग रद्द करा. हीच घ्यायची. हिच्यात पाठ नीट टेकते."

"पण शैला, ही तर..."

"मला नवी गाडी कधी हवी होती? मी गाडीबद्दल बोललेच नव्हते."

मधूने माझ्याकडे बघितलं. मी वर छताकडे बघितलं. राखाडी गाडी आली.

लोक नवी गाडी घेऊन देवाला जातात. मधूने शैलाला विचारलं, "कुठे जाऊ या?" तिने देवगडकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. प्रभाकरचं गाव. त्याची मोठी बहीण तिथे एकटी राहायची, सगळे तिला आक्का म्हणायचे. प्रभाकर गेल्यापासून शैला तिकडे गेली नव्हती. मीही बरोबर होतो; रस्ताभर मधू मला विचारत होता, "मी आत जायचं, की गाडीतच थांबायचं?" इतक्या वर्षांत कुठल्याही घरात शिरताना त्याला असा प्रश्न पडला नव्हता.

आक्का खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होती. गाडी बघून उठली, डोळ्यांवर हात धरून शैलाकडे बराच वेळ बघत राहिली. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. थोड्या वेळाने आक्काचं लक्ष फाटकाशी घुटमळणाऱ्या मधूकडे गेलं.

"ह्यो कोण?"

मधू गडबडला. "मी मधू. शैलाचा... आत्ताचा."

आक्काने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मगे भायर कित्याक उभो? भितर ये."

त्या दुपारी मधूने आक्काला प्रभाकरबद्दल इतकं विचारलं, की तिला तहान लागली. तो पोहायला कुठे शिकला, कोणत्या झाडावरून पडला, शाळेत कोणाचा मार खाल्ला. आक्कालाही असं विचारणारं कोणी कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. संध्याकाळी समुद्रावर जाऊन आल्यावर मधू मला म्हणाला, "चांगला माणूस होता रे. आमचं जमलं असतं."

त्यानंतर दर मे महिन्यात ते दोघं आक्काकडे जायचे. मधूने तिच्या घराची कौलं शाकारून घेतली, बसायला दोन खुर्च्या नेऊन ठेवल्या. आक्का त्याला हक्काने ओरडायची, कोळंबी आणायला बाजारात पिटाळायची, आणि त्याने आणलेली कोळंबी नेहमी शिळी ठरवायची.

मधू गेला तो अगदी त्याच्या स्वभावाला न शोभेल असा, घाईत. सकाळी उठून त्याने चहा मागितला आणि शैला चहा घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाराव्याला परळच्या घरात माणसं मावत नव्हती. मंडपवाले, टॉवरमधले, चाळीतले जुने. आक्का एकटी एसटीने आली. एवढ्या वयात, गुडघे धरत, जिना चढून. ती थेट शैलाजवळ जाऊन बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

त्यांच्या इमारतीतल्या एक बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आजी, तुम्ही यांच्या कोण?"

आक्काने मधूच्या फोटोकडे बोट दाखवलं.

"भाव माझो," ती म्हणाली. "एक आदीच गेल्लो. ह्यो दुसरो."